मुंबईकडून येणाऱ्या गाडीनं

मी इस्पितळातून घरी आलो तो उलट्या बाजूनं. पुण्याहून सुटलेली गाडी तळेगाव, वडगाव करत कामशेतला थांबली. आमचं स्टेशन. मी उठायला लागलो, तर दादानं दंड धरून मला खाली बसवलं.

"हितं न्हाई उतरायचं. गुमान बस."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यापासून घरातला कर्ता तोच. त्यानं आपलं उपरणं काढून माझ्या तोंडावर टाकलं. फलाटावरून कुणी पाहिलंच तर वाटावं, कुणी पाव्हणा झोपलाय. उपरण्याच्या विणीतून मला फाटक दिसत होतं, आणि फाटकापलीकडून आमच्या गावाकडं जाणारी गाडीवाट. एक पावसाळा गेला होता, दुसराही गेला होता, एवढ्या दिवसांत मी ती वाट पाहिली नव्हती. ती पाहून काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. गाडी हलली, वाट मागं गेली. उपरण्याला तंबाखूचा वास येत होता, एवढंच मला कळलं.

"दादा, आपुन कुटं चाललोय?"

"लोनावळ्याला. तितनं माघारी यायचं. मंबईकडनं येनाऱ्या गाडीनं."

असं का, ते मी विचारलं नाही. त्या दिवसांत मी काही विचारत नसे. त्याचं त्यानंच सांगितलं. गावात त्यानं उठवून दिलं होतं की मी मुंबईला आहे, गिरणीत लागलोय. त्याची थोरली पोर लग्नाची झाली होती आणि पवन मावळातल्या एका चांगल्या घरात बोलणं चाललं होतं. पोरीचा चुलता वेड्यांच्या इस्पितळात आहे असं कानावर गेलं असतं, तर ते लोक दारातूनच मागं फिरले असते. तेव्हा मी मुंबईहूनच यायला हवा होतो. आणि मुंबईहून येणारा माणूस पुण्याकडच्या गाडीतून कसा उतरेल? आमच्या गावचं कुणी ना कुणी फलाटावर असायचंच. दादाचं डोकं अशा ठिकाणी लय चालायचं. आज हे लिहिताना मला हसू येतं, आणि त्याच्या टाळक्यात एक ठेवून द्यावीशीही वाटते. त्या दिवशी दोन्हीतलं काही वाटलं नाही.

लोणावळ्याच्या बाजारात त्यानं माझी मुंबई तयार केली. जुन्या सामानाच्या दुकानातून पत्र्याची पेटी घेतली, झाकणावर गुलाबाची फुलं काढलेली. मला एक काळी टोपी घेतली. घरच्या पोरांसाठी गुडदाणी घेतली. दुकानदारानं ती छापील कागदात बांधून दिली, तर दादानं ती सोडायला लावून साध्या कागदात बांधून घेतली, कारण छापील कागदावर लोणावळा लिहिलेलं होतं. स्टेशनात आल्यावर त्यानं पेटी उचलून पाहिली. आत माझं एक धोतर नि एक बंडी.

"एवढी गिरनी केली नि पेटीत काय न्हाई म्हनतील लोकं," असं पुटपुटत तो रुळांच्या कडेला गेला आणि खडीतले मोठाले दगड उचलून घेऊन आला. ते वाजू नयेत म्हणून धोतरात गुंडाळून पेटीत ठेवले. मी बाकावर बसून बघत होतो. एका शहाण्यासुरत्या माणसानं भर दिवसा पेटीत दगड भरावेत आणि इस्पितळातून सुटलेल्यानं ते बघत बसावं, यात काही चमत्कारिक आहे हेसुद्धा मला तेव्हा जाणवलं नाही.

घाट चढून मुंबईची गाडी आली. आम्ही बसलो नि कामशेतला उतरलो. दादाचं नशीब असं थोर, की फलाटावर आमच्या गावचा न्हावीच भेटला.

"आलास व्हय मंबईवरनं?"

"ह्यो काय, आत्ताच उतरला," दादा म्हणाला. "उचलून बग की पेटी. लय जड झालीया."

मला काय झालं होतं, ते मला आजही धड सांगता येत नाही. मला इस्पितळात नेलं त्या पावसाळ्यात भाताची लावणी चालली होती. आमच्या वरच्या खाचरात सगळ्या बायामाणसांनी मिळून दिवसभर लावणी केली. दुसऱ्या दिवशी मी एकटाच तिथं गेलो आणि लावलेलं भात उपटायला लागलो. नासधूस नव्हे हो, अगदी नीट. एकेक रोप उपटायचं, मुळं पाण्यात धुवायची, मूठ बांधायची, बांधावर ठेवायची. ते चुकीच्या जागी लागलंय, असं कुणीतरी मला सांगत होतं. कोण, ते विचारू नका. माणसं जमली तेव्हा अर्धं खाचर मोकळं झालं होतं. आमच्याकडं एखादं रोप पायाखाली आलं तरी माणूस चुकचुकतो. मला उपटताना पाहून आमच्या आईनं बांधावर बसकण मारली होती, असं मागाहून कळलं.

मग मी बोलायचा थांबलो, मग जेवायचा. देवऋषी झाला, अंगारे झाले. गोठ्यातल्या मेढीला बांधून ठेवणंही झालं. शेवटी एका सकाळी दादानं मला गाडीत घालून पुण्याला नेलं. गावात मात्र सांगितलं, की उष्णता डोक्यात गेली होती, ती उतरली, आता पाव्हण्यांकडं मुंबईला धाडलाय.

इस्पितळाबद्दल लोकांना काय काय ऐकायचं असतं. मला तिथं कुणी मारलं नाही. जेवण मिळायचं, औषध मिळायचं, आणि थोडा हुशारीत आल्यावर सकाळी मागावर बसवायचे. मी खाटेची नवार विणायचो. सोडताना तिथले डॉक्टर दादाला म्हणाले होते, "याला कामात ठेवा आणि माणसांत ठेवा." दादानं मान डोलावली होती. मान डोलावण्यात तो पटाईत.

घरी आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पायावर पाणी घातलं. बायको आतल्या दाराशी उभी होती. मी नसताना ती एकदाही माहेरी गेली नव्हती, हे मला आईनं सांगितलं. मी नुसतं "बरं" म्हणालो. बायकोनं माझ्यासाठी एवढं काढलं आणि मी म्हणालो, बरं! पण खरंच माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. बुडाशी हात घालावा नि रांजण कोरडा लागावा, तसं होतं सगळं.

घरानं माझी बडदास्त फार ठेवली. कोयता, कुऱ्हाड, विळे, सगळं कणगीमागं दडवलं. विहिरीकडं मी वळलो की एखादं पोर मागं धाडायचे. खळ्यावर भात झोडायचं चाललं होतं. मी पेंढी उचलली, तर दादानं हातातून काढून घेतली. "तू बस." गोठ्यात शेणाला हात घातला, तर भावजय ओरडली, "अवो, तुमी बसा!" बस, बस, बस! माणूस म्हणजे काय गोणी आहे, कोपऱ्यात टेकून ठेवायला? हा राग आजचा आहे. तेव्हा मी बसत होतो.

आईचं एकच पालुपद होतं. "इचार करू नगंस बाबा. मागलं काय आठवू नगंस."

आणि जेवणं झाली की दादा मला मुंबई शिकवायचा. तो स्वतः उभ्या जन्मात एकदाच मुंबईला गेला होता, तेवढ्या भांडवलावर त्याची शाळा चालायची. गिरणीचा भोंगा कसा होतो, चाळीत नळावर भांडणं कशी लागतात, रस्त्यानं ट्राम कशी जाते. मग परीक्षा.

"कुटल्या खात्यात व्हतास?"

"मागावर."

"शाबास! आन बग, ह्ये काय खोटं बी न्हाई. तितं बी मागच व्हता की."

यावर तो स्वतःच खूष व्हायचा. माझ्यासमोर उकिडवा बसून, माझ्या तोंडाकडं बघत तो सगळं पुन्हा पुन्हा सांगायचा, घसा बसेपर्यंत. त्याला माझी लाज वाटत होती, हे खरं. आणि माझ्यावर त्याचा जीव होता, हेही खरं. पोरीच्या होणाऱ्या सासरचे लोक मधूनच टपकतील, ही धास्ती तर चोवीस तास होतीच.

गावातली माणसं येऊन मुंबईचं विचारायची. मी एका शब्दात उत्तर द्यायचो आणि गप्प व्हायचो. थोड्याच दिवसांत गावानं ठरवून टाकलं, की मुंबईचं पाणी लागून मी शिष्ट झालोय. दादाला ते फार पसंत पडलं. "शिष्ट म्हनूंद्यात की. येडा म्हनन्यापरीस बरं."

इथवर सगळं ठीक होतं. मग मावशी आली.

आमच्या घराला लागून दुसरं घर तिचं. नात्यानं ती आमची कुणी नव्हती, पण सगळा गाव तिला मावशीच म्हणायचा. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा मी आजारी पडायच्या आधीच मुंबईला गिरणीत गेलेला. पहिल्यांदा त्याचे सांगावे यायचे, मग थांबले. मुंबईहून जो कुणी येईल त्याच्या दारात मावशी जाऊन उभी राहायची. माझ्याकडं ती ताकाची लोटी घेऊन आली.

"माजा कुटं दिसला का रं, बाबा?"

मी "न्हाई" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात खळ्यावरून दादा ओरडला, "दिसला म्हंजी? भेटला की! एकाच खात्यात व्हते दोगं. लय बरा हाय तुजा ल्योक, मावशे."

नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता. तुझी गिरणी कुठली, ती कुठं आली, तिथं माझा कसा नाही? दादाला ते वाढवायचं नव्हतं. शिवाय म्हातारीला तेवढंच बरं वाटेल, असाही त्याचा हिशेब असणार. मावशीनं लोटी खाली ठेवली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली.

"ह्या डोळ्यांनी बगितलंस त्याला," ती म्हणाली, आणि माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

मला काही वाटलं नाही. पण तिच्याकडं मला बघवेना, एवढं मात्र आठवतं.

त्यानंतर ती रोज यायला लागली. रोज ताक, कधी लोणच्याची फोड. दादा जवळ असला की तो उत्तरं द्यायचा. नसला तर मी गप्प असायचो, आणि तीच विचारायची, तीच सांगायची.

"वाळला आसंल न्हाई? खानावळीचं खाऊन वाळनारच. का न्हाई वाळला? बरं, बरं. डाव्या भुवईवरची खून दिसती का आजून? ल्हानपनी बैलाचं शिंग लागलं. थोडक्यात डोळा वाचला बग. दिसतच आसंल. आसली खून कुटं जाती?"

मी काही बोलत नसे, आणि त्या न बोलण्यातून तिचा मुलगा दिवसेंदिवस धडधाकट होत चालला होता. माझ्याकडून निघताना ती जी जायची ती ताठ चालत जायची.

घरात याबद्दल बोलली ती फक्त माझी बायको. आधी तिनं दुसरंच केलं. एके दिवशी अंबाडीचा वाख आणून माझ्यासमोर टाकला. "बसायचंच हाय, तर हात तरी चालू द्या." मी वळायला लागलो. वळता वळता वीतभर दोर झाला, हातभर झाला. दादा खळ्यावरून आला नि त्यानं ते पाहिलं मात्र, घर डोक्यावर घेतलं. "दोर? ह्येच्या हातात दोर दिला? आक्कल हाय का कुनाला हितं?"

थोरल्या दिरासमोर ती कधी तोंड उघडत नसे. तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला आणि आईकडं तोंड करून म्हणाली, "आत्याबाई, थोरल्यास्नी सांगा, तितं त्यांनी दोन पावसाळं नवार इनली. त्या नवारीनं कुनाचा गळा आवळला न्हाई त्यांनी."

दादा पाय आपटत खळ्यावर परत गेला. मी दोर वळत होतो. बायको आत गेली नि भांडी जोरजोरात आपटायला लागली.

आणि नंतर मला एकटा गाठून म्हणाली, "त्या मावशीला किती दिस झुलवायचं? मला न्हाई बगवत. तुमाला बगवतंय?"

उत्तराची वाट न पाहता ती घागर उचलून पाण्याला गेली.

लग्न ठरलं. माघातला मुहूर्त धरला. घरात पापड-कुरडयांची गडबड उडाली, दादाच्या जिवात जीव आला. आणि त्याच आठवड्यात मावशीनं आपली शेळी विकली. आम्हाला कळलं ते ती स्वतः सांगायला आली तेव्हा. दिवे लागायची वेळ होती, सगळे ओट्यावर होते.

"म्या मंबईला जानार," ती म्हणाली. "ह्यो आला, त्येचा पत्त्या लागला, म्हनून हिंमत केली. तू संगं चल माज्या, बाबा. तुला वाट ठावी हाय. न्हाईच जमलं, तर गिरनीचं नाव सांग, म्या इचारत इचारत जाईन."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "आगं मावशे, त्येनं गिरनी बदलली आसंल आता."

"बदलूंदे की. तितली लोकं सांगत्यालच कुटं गेला त्ये."

"ह्येला बरं न्हाई, ह्यो न्हाई यायचा."

"मग ऱ्हाऊंदे. म्या एकलीच जाते." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुजी ती फुलांची पेटी तेवडी दे मला. त्येला चार कापडं नि लाडू न्यायचं हायती. पुरचुंडी बरी न्हाई दिसत मंबईत."

ती गेल्यावर दादा माझ्याजवळ येऊन बसला. "काय बोलायचं न्हाई. जाईल नि दोन दिसांत फिरून येईल, कटाळून. लगीन तोंडावर आलंया. पोरीचं वाटोळं नगं करूस बाबा." तो हात जोडत होता. माझ्या थोरल्या भावानं माझ्यासमोर हात जोडले होते.

मावशी कामशेतच्या बाजारापलीकडं कधी गेली नव्हती. मुंबईत ती गिरण्यांच्या फाटकांवर जाऊन त्याचं नाव घेणार, माझं नाव घेणार, आणि कुणालाही दोन्ही ठाऊक नसणार. अनोळखी जागेत आपण कोण, कुठले, हे कुणाला सांगता न येणं म्हणजे काय, ते आमच्या घरात फक्त मला ठाऊक होतं. बोललो तर पोरीचं लग्न मोडेल, दादा मला पुन्हा पुण्याच्या गाडीत बसवेल. नाही बोललो तर म्हातारी माझ्या डोळ्यांच्या भरवशावर मुंबईत हरवेल. हे मी असं मांडून पाहिलं, जसं काही दुसऱ्या कुणाचं असावं तसं. भीती वाटली नाही, दया आली नाही. फक्त पेटी उचलायची आहे, एवढं मला कळत होतं.

सकाळी दादा शेतावर गेल्यावर मी पेटी डोक्यावर घेतली. बायको सारवत होती.

"कुटं?"

"मावशीकडं."

ती उठली. हात शेणाचे होते म्हणून मनगटानंच तिनं माझ्या डोक्यावरची काळी टोपी मागं ढकलून पाडली. "ही ऱ्हाऊंद्या हितं," म्हणाली, आणि खाली बसून सारवायला लागली.

मावशी चुलीपुढं लाडू वळत होती. तिळाचा नि गुळाचा वास घरभर होता. मी पेटी खाली ठेवली. "ठेव, ठेव," म्हणत तिनं हात पुसले आणि झाकण उघडलं. धोतराचं गाठोडं उचलायला गेली तर ते उचलेना. तिनं ते सोडलं. मी आलो त्या दिवसापासून ती पेटी कुणी उघडलीच नव्हती.

"ह्ये काय रं?"

"खडी. लोनावळ्याच्या टेशनातली."

"मंबईवरनं येताना दगडं आनलीस?"

"मी मंबईला गेलतोच न्हाई, मावशी. मी पुन्यात व्हतो. येड्यांच्या इस्पितळात. मागावर बसायचो, त्यो माग तितलाच. तुज्या लेकाला मी न्हाई बगितलं. दादा खोटं बोलला, पोरीच्या लग्नापायी."

एवढं सलग मी खाचरात उतरलो त्या दिवसानंतर बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर मी दाराकडं बघितलं. ती ओरडेल, गाव गोळा करेल, नाहीतर निदान चार हात मागं सरकेल. वेड्यापासून लोक सरकतात, ते मी पाहिलेलं होतं.

मावशी दगडांकडं बघत बसली. एक दगड तिनं हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला, परत ठेवला. चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"आन म्या रोज ताक पाजलं तुला, मेल्या."

"व्हय."

"घटाघटा पिलास."

"व्हय, मावशी."

मग ती सरकली, पण मागं नाही. पुढं सरकून माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ येऊन बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तितं लय मान्सं आस्त्याल?"

"हायती."

"कुटकुटली?"

"सगळीकडली. मंबईची बी."

"मग तितं न्हवता ना रं माजा ल्योक? डाव्या भुवईवर खून. नीट आठव."

मला वाटतं, मी तिच्याकडं खुळ्यासारखा बघत राहिलो असेन. कारण तिनं माझा गुडघा हलवला. "घाई न्हाई मला. एकेक मानूस आठव नि सांग."

घरी आल्यापासून जो तो मला म्हणत होता, आठवू नकोस. आणि ही म्हणत होती, नीट आठव. मी भिंतीला टेकलो, डोळे मिटले आणि आठवायला लागलो. दाराशी झोपायचा तो नाशिककडचा मास्तर, भिंतीला बाराखडी शिकवायचा, भिंतीनं चुकीचं सांगितलं की रडायचा. त्याच्या भुवया पांढऱ्या, खूण नाही. त्याच्या पलीकडचा खलाशी, त्याला जमीन हलताना दिसायची, म्हणून तो खाटेला धरूनच असायचा. त्याच्या कपाळावर खूण होती, पण भाजल्याची. कांबळं गुंडाळून मांडीवर थोपटत बसणारा एक होता. तो म्हातारा होता. एकेक सांगत गेलो. प्रत्येकाला मावशी एकच विचारायची.

"त्येची आई हाय का?"

"ठावं न्हाई, मावशी."

"फुडं."

शेवटी राहिला तो माझ्या शेजारच्या मागावरचा. तो कधीच बोलला नाही. त्याचं नावगाव कुणालाच माहीत नव्हतं. माझा धागा तुटला की तो हात लांब करून गाठ मारून द्यायचा, त्याचा तुटला की मी. असे आम्ही दोन पावसाळे बसलो शेजारी. त्याचा चेहरा मी डोळ्यांसमोर आणला. वय मावशीच्या मुलाएवढंच. डावी भुवई पाहिली, उजवीही पाहिली. दोन्ही स्वच्छ.

"न्हाई. त्यो बी न्हाई."

"त्येची आई हाय का?"

"ठावं न्हाई," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. मोठ्यानं, पोरासारखं. निघताना मी त्याला सांगितलंसुद्धा नव्हतं, की मी घरी चाललोय. मी उठून आलो आणि त्याचा धागा कोण जोडत असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आता ते आलं नि पोटातून कळ उठली. केवढी दुखली! पण ती माझी होती, हे मला कळत होतं. मावशीनं मला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला नाही, गप बस म्हणाली नाही. एक लाडू माझ्यासमोर ठेवला आणि उरलेले डब्यात भरून झाकण लावलं.

ती मुंबईला गेली नाही. गावात कुणाला चकार शब्द बोलली नाही. माघात पुतणीचं लग्न झालं, मावशी हळदीला पुढं होती. दादाकडं मात्र तिनं वर्षभर ढुंकून पाहिलं नाही. तो दिसला की पदर झटकून जायची, आणि तो, एवढा कर्तासवरता माणूस, मागच्या दारानं पळायचा.

पुढच्या पावसाच्या तोंडावर, रोपं लावणीला यायच्या आधी, ती पुन्हा लाडवांचा डबा घेऊन आली. "तू येताना नसंल तितं, पर मागनं आला आसंल. जाऊन बगून येतोस?" आणि डब्यातून एक वेगळी पुरचुंडी काढली. "ह्ये माज्या लेकासाठी न्हाई. तुज्या शेजारच्यासाठी. आई हाय का न्हाई ठावं न्हाई म्हनलास न्हवं? त्येला दे."

पोरगी सुखरूप सासरी गेली होती. दादानं अडवलं नाही. मी पुण्याला गेलो. तिथल्या माणसांनी मला आत सोडलं. नवी माणसं आली होती, ती सगळी मी जवळ जाऊन पाहिली, भुवया पाहिल्या. मावशीचा मुलगा त्यात नव्हता. तो कुठंच कधी सापडला नाही, हे आताच सांगून टाकतो. माझ्या शेजारच्याच्या मागाजवळ मी बसलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओळखलं की नाही कोण जाणे. लाडू हातात दिला तो त्यानं सावकाश खाल्ला, आणि बोटांना लागलेला तीळसुद्धा टिपून खाल्ला. मग धागा तुटला तेव्हा त्यानं हात लांब केला नाही, माझ्याकडं बघत थांबला. मी गाठ मारून दिली.

येताना मी पुण्याच्या गाडीनं आलो. कामशेतला ती थांबली तेव्हा सरळ फलाटावर उतरलो, उघड्या तोंडानं. आमचा न्हावी होताच तिथं, तो कधी नसायचा?

"कुटनं रं?" त्यानं विचारलं.

"इस्पितळातनं."

"कुनी हाय व्हय तितं तुजं?"

"हाय," मी म्हणालो.

फाटकापलीकडं, आमच्या गाडीवाटेच्या तोंडाशी, मावशी डोईवर पोतं घेऊन पावसात उभी होती. मी लांबूनच ‘नाही’ अशी मान हलवली. तिनं ते पाहिलं, पोतं सारखं केलं, आणि मी तिच्यापर्यंत पोचेस्तोवर तिथंच थांबली.